ऑनलाइन मार्केटिंगची बाराखडी



आम्ही बँकेत कारकून आहोत. शिक्षण कला शाखेचे. संगणकशास्त्राचे किंवा व्यापारशास्त्राचे रीतसर शिक्षण आम्ही घेतलेले नाही. असे असताना ऑनलाइन मार्केटिंगसारख्या विषयावर लिहिण्याचे धाडस का करीत आहोत, हे आधी सांगितले पाहिजे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या काउंटरवर ओळखीच्या एक मावशी आपल्या मुलाला घेऊन आल्या. हातात मुदत ठेवीची पावती होती. ठेव ४०,००० रुपयांची आणि मुदत भरायला सात महिने बाकी. "मोडायची आहे," मावशी म्हणाल्या. कारण विचारले तेव्हा मुलगा पुढे झाला. "साहेब, ऑनलाइन मार्केटिंगचा कोर्स आहे. तीन महिन्यांत पैसे वसूल होतात." त्याच्या मोबाइलमध्ये कोर्स चालविणाऱ्या गृहस्थांचा मोठ्या गाडीला टेकून काढलेला फोटो होता. मागे रांग लागली होती. मुदतीपूर्वी ठेव मोडली तर व्याज कमी मिळते, एवढे आम्ही नियमाप्रमाणे सांगितले, सही पडताळली आणि पैसे दिले.

सहा महिन्यांनी मावशी पासबुक भरून घ्यायला आल्या तेव्हा समजले, की त्या कोर्समध्ये आणखी मुलांना कोर्सला कसे आणावे हेच प्रामुख्याने शिकवले गेले. पैसे वसूल झाले नाहीत. मावशींनी आम्हाला बोल लावला नाही. पण त्या दिवशी रांग थांबवून दहा मिनिटे बोलायला हवे होते, ही रुखरुख आमच्या मनातून जात नाही. तेव्हा जे बोललो नाही, ते आज लिहीत आहोत. ही बाराखडी शिकायला एक रुपयाही लागत नाही, हे या लेखाचे सार आहे.

ऑनलाइन मार्केटिंग म्हणजे काय?

आठवडी बाजारात भाजी विकणारी बाई काय करते ते पाहा. माल स्वच्छ करून नीट मांडते. भाव ओरडून सांगते. कुणी वांगे हातात घेतले तर "आजचं तोडलेलं आहे" म्हणते. नेहमीच्या गिऱ्हाइकाला नावाने हाक मारते आणि जाताना कढीपत्ता टाकते. पुढच्या बाजारी गिऱ्हाईक तिच्याकडेच येते. हेच मार्केटिंग. ते मोबाइल आणि इंटरनेटच्या आधारे केले म्हणजे त्याला ऑनलाइन मार्केटिंग म्हणतात. माल मांडण्याची जागा बदलली, आरोळीची पद्धत बदलली. गिऱ्हाइकाचा विश्वास मिळवायचा आणि टिकवायचा हे काम तेच राहिले.

मार्केटिंग आणि जाहिरात हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, तेही बरोबर नाही. जाहिरात हा मार्केटिंगचा एक भाग आहे, आणि तो सर्वांत शेवटी येतो. कोणता माल, कुणासाठी, किती किमतीला, कुठे मिळेल, विचारणा झाली तर उत्तर कोण देईल, तक्रार आली तर काय करायचे, हे सारे ठरल्यावर मग जाहिरात. नवशिका नेमका उलटा चालतो. तो आधी जाहिरातीला पैसे लावतो आणि बाकीचे नंतर पाहू म्हणतो.

जाहिरातीची जागा कुणाची?

जाहिरात करता येणे ही साधी गोष्ट नव्हे. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'मूकनायक' पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊ केले असतानाही 'केसरी'ने छापली नाही, ही गोष्ट बाबासाहेबांनी पुढे 'बहिष्कृत भारत'मध्ये नमूद केली आहे. पैसे मोजूनही जागा मिळत नव्हती, कारण जागेचा मालक दुसरा होता.

आज साध्या स्मार्टफोनवर कुणीही आपल्या मालाचा फोटो, भाव आणि क्रमांक जगापुढे ठेवू शकतो. त्यासाठी कुणाची शिफारस लागत नाही, कुणी आडनाव विचारून नाही म्हणत नाही. ही संधी लहान नाही. म्हणूनच ती अर्धवट माहितीमुळे हातची जाऊ नये, असे आम्हाला वाटते.

दुसऱ्या बाजूने हेही ध्यानात ठेवले पाहिजे, की ज्या कंपन्यांच्या ॲपवर आपण दुकान मांडतो त्या जागेचे आपण मालक नव्हे, भाडेकरूही नव्हे. नियम त्यांचे. उद्या खाते बंद झाले तर गिऱ्हाइकांची यादी आपल्या वहीत असली पाहिजे. बँकेत इतकी वर्षे काढल्यामुळे असेल, पण वहीवर आमचा विश्वास आहे.

कोल्हापुरी चपलेचा धडा

नाव आणि ओळख यांची बाजारातली किंमत काय असते, याचे अलीकडचे उदाहरण आपल्या राज्यातलेच आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांतील कारागिरांची ती कला आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या कंपनीने आपल्या फॅशन शोमध्ये अगदी तशाच धाटणीची चप्पल दाखवली. मात्र ती कुठली, कुणाची, याचा उल्लेख केला नाही. फोटो काही तासांत जगभर फिरले. समाजमाध्यमांवर लोकांनी आवाज उठवला, बातम्या आल्या, आणि या रचनेची प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे हे कंपनीला मान्य करावे लागले. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये त्या कंपनीने महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला.

यातून नवशिक्याने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली अशी, की माल चांगला असला तरी बनविणाऱ्याचे नाव मालाबरोबर गेले नाही तर श्रेय आणि नफा दुसरा घेऊन जातो. दुसरी अशी, की जग जेव्हा "ही वस्तू कुठे मिळेल?" असे शोधू लागते, तेव्हा ज्याचे नाव, पत्ता आणि क्रमांक शोधल्यावर सापडतो त्यालाच विचारणा होते. हात कसबी असून नाव सापडत नसेल, तर ते कसब गावाच्या वेशीबाहेर जात नाही.

आमची चूक

आता स्वतःच्या अनुभवाचे सांगतो. आमच्या वसाहतीतील दहा महिलांचा बचत गट आहे. त्या कांदा-लसूण मसाला करतात. चव अशी की एकदा नेलेला माणूस परत येतो. गटाचे खाते आमच्याच शाखेत असल्यामुळे हिशेबाच्या निमित्ताने बोलणे व्हायचे. एकदा अध्यक्षा ताई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही शिकलेले. आमचं जरा ऑनलाइन करून द्या की."

आम्ही उत्साहाने होकार दिला. एका समाजमाध्यमावर गटाच्या नावाने पान उघडले, मसाल्याच्या पाकिटाचा फोटो टाकला आणि गटाच्या पैशांतून १,५०० रुपये भरून आठ दिवस जाहिरात चालवली. ती कुणाला दिसावी या रकान्यात सबंध महाराष्ट्र निवडला. मनात विचार असा, की जितके जास्त लोक तितकी जास्त विक्री.

हजारो लोकांनी जाहिरात पाहिली, कित्येकांनी अंगठा दाखवला. ४३ जणांनी "किंमत काय?" म्हणून विचारले, कारण फोटोवर किंमत लिहायचे आम्हीच विसरलो होतो. हे ४३ प्रश्न दिवसभर येत राहिले आणि आम्ही काउंटरवर. संध्याकाळी घरी जाऊन उत्तरे लिहिली तोवर बहुतेकांचा विषय संपला होता. जे उरले त्यांपैकी कित्येक इतक्या लांबचे, की पाकिटापेक्षा पाठविण्याचा खर्च डोळ्यांत भरायचा. शेवटी विकली गेली तीन पाकिटे. महिलांनी दिवसाची मजुरी बुडवून साठवलेले ते १,५०० रुपये होते. दोष ना ॲपचा, ना मसाल्याचा. आमच्या अर्धवट ज्ञानाचा होता. त्यानंतर आम्ही सुट्टीच्या दिवशी बसून हा विषय पायरीपायरीने शिकलो. त्या पायऱ्या पुढे देत आहोत.

पायरी पहिली : एक माल, एक गिऱ्हाईक

कागद घ्या आणि दोन वाक्ये लिहा. "आम्ही अमुक वस्तू विकतो" हे पहिले. "ती अमुक माणसाला अमुक कारणासाठी लागते" हे दुसरे. गटाच्या महिलांनी लिहिले : "आम्ही कांदा-लसूण मसाला विकतो. नोकरी करणाऱ्या आणि घरी मसाला करायला वेळ नसणाऱ्या, पाच किलोमीटरच्या आतल्या कुटुंबांना तो लागतो." दुसऱ्या वाक्याने सगळे चित्र पालटले. सबंध महाराष्ट्र गळून पडला. शेजारच्या तीन वसाहती, एक शाळा आणि एक सरकारी कचेरी एवढाच आपला बाजार आहे हे दिसले. शिकवणी घेणारा, शिलाई करणारी, वायरमन, फुलांचे हार करणारे, प्रत्येकाला ही दोन वाक्ये लिहिता आली पाहिजेत.

पायरी दुसरी : फोटो आणि माहिती

फोटोला महागडा कॅमेरा लागत नाही. सकाळी खिडकीजवळच्या उजेडात, मागे साधे कापड धरून, मोबाइलची काच पुसून फोटो काढावा. एक फोटो वस्तूचा, एक वस्तू हातात धरलेला, एक बनविण्याच्या कामाचा. फोटोखाली पाच गोष्टी न चुकता लिहाव्यात : वस्तूचे नाव, वजन किंवा माप, किंमत, मिळण्याचे ठिकाण वा पोचविण्याचा खर्च, आणि क्रमांक. किंमत झाकून ठेवली की गिऱ्हाईक विचारायला येते अशी काहींची समजूत आहे. आमचे ४३ प्रश्न त्याला साक्षी आहेत. विचारायला येते आणि निघून जाते.

मजकूर मराठीतच लिहावा, आणि तोही आपण घरी बोलतो तसा. इंटरनेटवरून चित्र उचलून आपल्या मालाच्या नावाने लावू नये. दाखवले एक आणि पाठवले दुसरे असे एकदा झाले, की ते गिऱ्हाईक कायमचे गेले, जाताना आणखी दहा जणांना सांगून गेले.

पायरी तिसरी : व्हॉट्सॲप बिझनेस

हे ॲप जानेवारी २०१८ पासून मिळते आणि लहान दुकानदाराला ते मोफत आहे. साध्या व्हॉट्सॲपहून त्यात चार सोयी अधिक आहेत. व्यवसायाचे नाव, वेळ, पत्ता दाखविता येतो. मालाचा कॅटलॉग, म्हणजे फोटो व किमतींची यादी, कायमची लावून ठेवता येते. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे आधी लिहून ठेवून चटकन पाठविता येतात. गिऱ्हाइकांना 'नवीन', 'पैसे बाकी', 'माल पोचला' अशा खुणा लावता येतात. घरचा क्रमांक वेगळा आणि धंद्याचा वेगळा ठेवावा. एकाच फोनमध्ये दोन्ही चालतात.

यातच ब्रॉडकास्ट यादीची सोय आहे. एक संदेश यादीतील सर्वांना वेगवेगळा जातो, मात्र ज्यांनी आपला क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो पोचतो. म्हणून पाकिटावरच लिहावे, "आमचा क्रमांक जतन करा." कुणाला न विचारता गटांमध्ये घालणे, सकाळ-संध्याकाळ संदेशांचा मारा करणे, कुठूनतरी क्रमांकांची यादी विकत आणणे, हे मार्केटिंग नव्हे. तो उपद्रव आहे. शिवाय, लोकांची वैयक्तिक माहिती त्यांच्या संमतीनेच वापरावी यासाठी आपल्या देशात २०२३ साली स्वतंत्र कायदाही झालेला आहे.

उत्तर किती वेळात द्यायचे, हे ठरवून घ्यावे. गटाने अध्यक्षा ताईंच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडे दुपारी फोन सोपविला. विचारणा आली की अर्ध्या तासात उत्तर. एवढ्या एका बदलाने जो फरक पडला, तो आमच्या १,५०० रुपयांनी पडला नव्हता.

पायरी चौथी : नकाशावर आपले नाव

कुणी गुगलवर "जवळचा टेलर" असे शोधतो तेव्हा नकाशा आणि काही नावे समोर येतात. त्यांत आपले नाव यावे यासाठी गुगलकडे नोंद करता येते. २०१४ पासून तिला गुगल माय बिझनेस म्हणत. २०२१ पासून गुगल बिझनेस प्रोफाइल असे नाव आहे. ही नोंद मोफत आहे. ती करून देतो म्हणून कुणी फोन करून हजारो रुपये मागितले, तर सरळ नाही म्हणावे.

नाव, कामाचा प्रकार, वेळ, फोन आणि फोटो भरले की गुगल आपली पडताळणी करते. त्यासाठी कधी दुकानाचा व्हिडिओ मागविला जातो. घरून काम करणाऱ्यांनी घरचा पत्ता लोकांना न दाखविता, कोणत्या भागात सेवा देतो एवढेच दाखविण्याची सोय आहे. महिलांनी तिचा अवश्य उपयोग करावा.

या नोंदीखाली गिऱ्हाईक आपले मत लिहू शकते. समाधानी गिऱ्हाइकाला "दोन ओळी लिहाल का?" असे विचारण्यात गैर काही नाही. पैसे देऊन खोटी मते लिहून घेणे मात्र गैर. वाईट मत आले तर भांडू नये. चूक असेल तर मान्य करून काय सुधारले ते लिहावे. एका गिऱ्हाइकाने मसाल्यात मीठ जास्त असल्याचे लिहिले. गटाने माफी मागून पाकीट बदलून दिले आणि तसे उत्तरही लिहिले. ते उत्तर वाचून नवीन माणसे आली.

पायरी पाचवी : समाजमाध्यमे

फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब सगळीकडे एकदम धावू नये. आपले गिऱ्हाईक जिथे असते ते एकच माध्यम निवडावे आणि तिथे आठवड्यातून दोन वेळा नियमाने काही तरी उपयोगाचे द्यावे. "घ्या, घ्या" असे रोज सांगितले तर लोक कंटाळतात. मसाला भाजताना मिरची का करपते, तो बरणीत किती दिवस टिकतो, असे सांगितले तर लोक थांबतात. शिकवणी घेणाऱ्याने एक गणित सोडवून दाखवावे, वायरमनने अर्थिंग का महत्त्वाचे ते सांगावे. ज्ञान वाटल्याने गिऱ्हाईक कमी होत नाही, उलट या माणसाला आपले काम समजते अशी त्याची खात्री पटते.

पायरी सहावी : पैशांची जाहिरात आणि तिचा हिशेब

वरच्या पाच पायऱ्या झाल्यावरच ही सहावी. जाहिरातीचे मुख्य प्रकार दोन. एक शोधणाऱ्याला दिसणारी. गुगलने ती २००० साली ॲडवर्ड्स या नावाने सुरू केली; २०१८ पासून तिला गुगल ॲड्स म्हणतात. लोक जे शब्द टाकून शोधतात त्या शब्दांवर दर वेळी लिलाव होतो. केवळ जास्त बोली लावणारा वर येतो असे नाही. जाहिरात त्या शोधाशी किती जुळते हेही पाहिले जाते. पैसे साधारणतः कुणी जाहिरातीवर बोट लावले तरच कापले जातात. दुसरा प्रकार समाजमाध्यमांवर सहज पाहता पाहता दिसणारी जाहिरात. तिथे गाव, वय, आवड निवडता येते आणि रोजचा खर्च बांधून ठेवता येतो. नवशिक्याने परिसर लहान, रक्कम लहान आणि मुदत लहान ठेवावी.

आता हिशेब. समजा, ६०० रुपयांची जाहिरात केली. ४० जणांनी विचारले, ५ जणांनी घेतले. म्हणजे एक नवीन गिऱ्हाईक १२० रुपयांना पडले. अर्धा किलोचे पाकीट ४०० रुपयांचे, त्याचा मजुरीसकट खर्च ३०० रुपये, म्हणजे शिल्लक १०० रुपये. १२० घालून १०० मिळाले; प्रत्येक गिऱ्हाइकामागे २० रुपये तोटा. इथे नवशिका निराश होतो किंवा हिशेबच करीत नाही. पण त्या पाचांपैकी तिघांनी पुढे आणखी दोन-दोन पाकिटे घेतली तर एकूण पाकिटे झाली ११. शिल्लक १,१०० रुपये, त्यातून जाहिरातीचे ६०० वजा जाता ५०० रुपये नफा. म्हणजे नफा जाहिरातीने आणला नाही. परत आलेल्या गिऱ्हाइकाने आणला. परत येणारे गिऱ्हाईक नसेल, तर जाहिरात म्हणजे फुटक्या रांजणात पाणी.

यासाठी वहीत पाच रकाने आखावेत : तारीख, खर्च, विचारणा, विक्री, परत आलेले. किती जणांनी पाहिले आणि किती जणांनी अंगठा दाखवला हे आकडे मन सुखावतात, पण बँकेत जमा होत नाहीत.

पायरी सातवी : पैसे घेताना

यूपीआयची सुरुवात २०१६ साली झाली आणि लहान विक्रेत्याची मोठी सोय झाली. फसवणुकीचे प्रकारही तितकेच वाढले. पैसे मिळविण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की आपले पैसे जातात. "पैसे पाठवले, हा बघा फोटो" असे म्हणून दाखविलेल्या चित्रावर माल देऊ नये. आपल्या खात्यात रक्कम जमा झाल्याचे आपल्याच ॲपमध्ये पाहावे. मोठी ऑर्डर देतो, आधी हा क्यूआर कोड स्कॅन करा, असे कुणी सांगितले तर फोन ठेवावा. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे आणि बँकेला सांगावे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

पायरी आठवी : खरे बोलणे

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. "या मसाल्याने मधुमेह बरा होतो" असे लिहिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. खाद्यपदार्थ विकणाऱ्याला, घरून विकत असला तरी, अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, आणि तो चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो.

कोर्स घ्यावा की नाही?

विद्यार्थी मित्रांना हा शेवटचा आणि महत्त्वाचा प्रश्न. शिकण्यासाठी गुगलचे स्किलशॉप आणि मेटाचे ब्लूप्रिंट येथे मोफत पाठ आहेत. केंद्र सरकारच्या २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'स्वयं' या व्यासपीठावरील अभ्यासक्रमही विनाशुल्क शिकता येतात; प्रमाणपत्राच्या परीक्षेपुरते शुल्क असते. इंग्रजी अडले तर दोघे-तिघे मिळून अभ्यास करावा. चांगले शिकविणारे खासगी वर्गही आहेत, त्यांना आमचा विरोध नाही.

मात्र तीन प्रश्न विचारावेत. उत्पन्नाची हमी देतात का? खरा धंदा कुणीच हमी देत नाही. आज पैसे भरले नाहीत तर संधी जाईल असे म्हणतात का? ज्ञान उद्याही तेच असते. आणि कमाई कशातून होणार : माल किंवा सेवा विकून, की आणखी माणसे आणून? उत्तर "माणसे आणून" असे असेल तर तिथून उठावे. पैसे फिरविण्याच्या अशा योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि थेट विक्रीविषयीच्या २०२१ च्या नियमांनीही पिरॅमिड योजना चालविण्यास मनाई केली आहे. नाव ऑनलाइन मार्केटिंगचे दिले म्हणून जुनी साखळी नवी होत नाही.

पंधरा दिवसांचा अभ्यास

पहिले तीन दिवस दोन वाक्ये लिहा आणि पाच ओळखीच्यांना दाखवा. पुढचे तीन दिवस फोटो आणि पाच ओळींची माहिती तयार करा. सातव्या-आठव्या दिवशी व्हॉट्सॲप बिझनेस, नवव्या-दहाव्या दिवशी नकाशावरची नोंद. उरलेले पाच दिवस रोज दोन माणसांना स्वतः भेटून माल दाखवा, त्यांचे म्हणणे वहीत लिहा. या पंधरा दिवसांत जाहिरातीवर खर्च शून्य. दहा माणसे परत आली की मग सहावी पायरी.

बचत गटाने असेच केले. चमत्कार काही झाला नाही. वर्षभरात साठेक कुटुंबे नेहमीची झाली, दिवाळीत थोडी जास्त. आमच्या चुकीचे १,५०० रुपये भरून निघाले आणि वहीच्या शेवटच्या रकान्यात दर महिन्याला नावे वाढत आहेत. बदलून दिलेल्या त्या खारट पाकिटाचे गिऱ्हाईकही त्यांत आहे.

सभासदांना एवढीच विनंती. घरातला मुलगा किंवा मुलगी असा एखादा कोर्स घ्यायचा म्हणत असेल तर त्यांना रागावू नका. शिकायची इच्छा आहे ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त ठेव मोडण्यापूर्वी त्या कोर्सचा कागद घेऊन आमच्या काउंटरवर या. रांग असली तरी चालेल. आता आम्ही दहा मिनिटे काढू.